चिप नंतर बघू, आधी टूल दाखव

गेल्या पावसाळ्यात तळोज्याच्या एका जुन्या कस्टमरचा फोन आला, की साहेब तुमचं ते लेबलिंग मशीनचं कार्ड उडालंय, नवीन द्या. कार्ड मीच बनवलेलं, २०११ साली, रबाळ्याच्या याच गाळ्यात. त्यावर एक्ससी९५७२एक्सएल नावाची झायलिंक्स कंपनीची छोटी सीपीएलडी, म्हणजे आपल्याला हवी ती लॉजिक आत भरता येते अशी चिप, ७२ मॅक्रोसेलची (मॅक्रोसेल म्हणजे आतला लॉजिकचा एकेक खण), त्या काळात आमच्यासारख्या छोट्या कामवाल्यांची लाडकी चिप, कारण स्वस्त, ५ व्होल्टचे सिग्नल सरळ अंगावर घेणारी आणि पॉवर दिली की लगेच चालू. मी म्हटलं दोन दिवसात देतो.

दोन दिवस कसले, दीड महिना गेला. आणि त्या दीड महिन्यात मला जे कळलं ते कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय, कारण हल्ली भाच्याचे मित्र पण विचारतात की काका एफपीजीए (सीपीएलडीचा मोठा भाऊ) शिकायचं तर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, स्वस्तात काय होईल.

तर झालं असं, की सोर्स माझ्याकडे होता. सीडीवर बॅकअप, वर मार्करने कस्टमरचं नाव, सगळं व्यवस्थित. सीडी वाचणारा ड्राइव्ह शेजारच्या गाळ्यातल्या काकांकडे मिळाला. फाइल उघडायला गेलो तर ती स्कीमॅटिक निघाली. म्हणजे तेव्हा मी व्हेरिलॉग (सर्किट कोडसारखं लिहायची भाषा) लिहायचा कंटाळा करायचो, आयएसई या झायलिंक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढायचो, अँड गेट, फ्लिपफ्लॉप, वायर, कसं छान डोळ्यांना दिसतं ना. पण ते चित्र आयएसईशिवाय जगात कुठेच उघडत नाही. नोटपॅडमध्ये उघडलं तर नुसते आकडे, कुठली वायर कुठून कुठे जाते ते त्यातून शोधायचं म्हणजे रात्र घालवायची. आणि आयएसई तर २०१३ च्या ऑक्टोबरात १४.७ वर येऊन थांबलं, पुढची आवृत्तीच नाही. त्याचं विंडोज १० साठी म्हणून जे पॅकेज आहे ते खरं तर आत एक लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन आहे आणि ते फक्त स्पार्टन-६ या एफपीजीएसाठी, माझी सीपीएलडी त्यात नाहीच. शेवटी व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं विंडोज ७ बसवलं, त्यात आयएसई, तेव्हा कुठे माझंच चित्र मला दिसलं. चौदा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या अक्षराकडे बघावं तसं वाटलं, आणि दोन ठिकाणी हे असं का केलंय तेही कळेना.

बरं, चित्र दिसलं तरी चिप कुठेय? २०२४ च्या सुरुवातीला एएमडीने (झायलिंक्स २०२२ पासून त्यांचीच) ही एक्ससी९५००एक्सएलची सगळी फॅमिली बंद करत असल्याचं जाहीर केलं. बाजारात मिळतात, नाही असं नाही, पण बरेचदा जुन्या बोर्डावरून काढून पाय सरळ केलेल्या, आणि तशी चिप मी कस्टमरच्या मशीनमध्ये घालणार नाही.

मग नवीन डिझाइन. भाचा ईएक्सटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शनिवारी ठाण्याहून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बर लोकल पकडून रबाळ्याला येतो, थोडी मदत करतो आणि माझा वडापाव खातो. तो म्हणाला, मामा तू व्हिवाडो टाक ना, फुकट आहे.

फुकट आहे हे खरं. व्हिवाडो म्हणजे झायलिंक्सचं आयएसईनंतरचं टूल. त्याची स्टँडर्ड आवृत्ती, जिला पूर्वी वेबपॅक म्हणायचे, तिला पैसे लागत नाहीत, आर्टिक्स-७, स्पार्टन-७ या त्यांच्या एफपीजीएंवर सगळं चालतं, सिम्युलेटर आत, चिपच्या आतले सिग्नल बघायचा लॉजिक अ‍ॅनालायझर पण आत. पैसे लागतात ते मोठ्या चिपना, आणि ते मग हजारो डॉलरमध्ये. पण डाऊनलोड बघितलात का त्याचं? कित्येक दहा जीबी. गाळ्यातल्या नेटवर रात्रभर लावलं, पहाटे लाइट गेली, सकाळी येऊन बघतो तर परत पहिल्यापासून. लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी, त्यात निम्मी जागा एका सॉफ्टवेअरला द्यायची, नवीन एसएसडी घेतली तर ते फुकट कुठे राहिलं? आणि एवढं सगळं कशासाठी, तर चार एन्कोडर (बाटली किती पुढे सरकली ते सांगणारे) मोजून बाटली ढकलणारे चार सिलिंडर हलवायला. डास मारायला रणगाडा.

अल्टेराचं क्वार्टस प्राइम लाइट पण बघितलं. तेही फुकट, सायक्लोन ४, सायक्लोन ५, मॅक्स १० या त्यांच्या चिप चालतात. मी कॉलेजनंतर पहिलं एफपीजीए केलं ते क्वार्टसवरच, सायक्लोन २ च्या त्या छोट्या बोर्डावर, ४६०८ लॉजिक एलिमेंटवाल्या. ते बोर्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि चालतं, पण त्यासाठी क्वार्टसची १३.० एसपी१ ही जुनी आवृत्तीच लागते, नव्यात सायक्लोन २ काढून टाकलंय. म्हणजे एकाच कंपनीची दोन क्वार्टस लॅपटॉपवर ठेवायची, एक नव्या चिपला एक जुन्याला. कंपनी तरी किती वेळा बदलली, अल्टेरा होती, २०१५ मध्ये इंटेलने १६.७ अब्ज डॉलरला घेतली, आता परत अल्टेरा. दर वेळी वेबसाइट बदलते, जुन्या लिंक मरतात आणि आपण पंधरा वर्षं जुना इन्स्टॉलर शोधत बसतो. डाऊनलोड केलेला इन्स्टॉलर कधीही डिलीट करू नका, एवढं माझं ऐका.

आता लायसन्सची गंमत. एक कंपनी आहे, नाव नाही घेत, तिचं टूल फुकट पण लायसन्स फाइल मागवावी लागते, ती तुमच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरला बांधलेली असते आणि वर्षाने संपते. माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही, म्हणून मी यूएसबीचं लॅन डोंगल वापरत होतो, आणि लायसन्स घेताना कुठला नंबर टाकला, तर त्या डोंगलचा. एका शनिवारी भाचा ते डोंगल उचलून नौपाड्याला घेऊन गेला, त्याला घरी काहीतरी करायचं होतं. सोमवारी कस्टमर समोर बसलाय, एक छोटा बदल करून द्यायचाय, पाच मिनिटांचं काम, आणि टूल म्हणतंय लायसन्स सापडलं नाही. मला आधी कळेचना. मग ट्यूब पेटली. डोंगल ठाण्याला, लॅपटॉप रबाळ्याला आणि शेठ माझ्यासमोर चहा पितोय. भाच्याला फोन केला तर तो लेक्चरला. शेवटी शेठ म्हणाले, राहू द्या, उद्या पाठवा. पैसे कोणी मागितले नव्हते, पण त्या दिवशीची शोभा मोजली तर किंमत बरीच झाली.

आणखी एक फुकटचा प्रकार म्हणजे तयार ब्लॉक, ज्यांना आयपी म्हणतात. इथरनेट वगैरे टाकायला टूलमध्ये यादीतून ओढायचं, कंपाइल होतं, बोर्डावर चालतं, तुम्ही खूश. पण त्यातले काही ब्लॉक नुसते चाखायला दिलेले असतात. प्रोग्रामिंगची केबल लावलेली असेपर्यंत चालतात, केबल काढली की ठरावीक वेळाने बंद. तुमच्या टेबलावर केबल कायम लावलेलीच असते, त्यामुळे तुम्हाला पत्ताच लागत नाही, कस्टमरकडे गेल्यावर लागतो. फाइलच्या नावात टाइम लिमिटेड असं चक्क लिहून येतं, पण नाव वाचतो कोण.

एवढं सगळं झाल्यावर मी उलटीकडून विचार सुरू केला. आधी आपण काय करायचो, चिप निवडायची, किंमत बघायची, पाय मोजायचे, मग त्या चिपचं जे टूल असेल ते गळ्यात मारून घ्यायचं. आता म्हटलं आधी टूल ठरवू. मला असं टूल पाहिजे जे मी पेन ड्राइव्हवर टाकून दहा वर्षांनी कुठल्याही लॅपटॉपवर उघडलं तर चालेल, कोणाला ईमेल न करता. मग ते टूल जी चिप चालवेल ती माझी चिप. शेठची मशीनं पंधरा-वीस वर्षं चालतात, शेठला चिपची जात माहीत नसते, त्याला फक्त माहीत असतं की साहेबांनी बनवलंय, साहेब दुरुस्त करतील.

तर असं टूल आहे, आणि ते चक्क ओपन सोर्स आहे. क्लेअर वुल्फ आणि मॅथियास लासर यांनी २०१५ मध्ये लॅटिस कंपनीच्या आइस४० या छोट्या एफपीजीएच्या आतल्या बिटा कुठे काय करतात ते शोधून काढून उघड केलं, आइसस्टॉर्म नाव त्याचं. कंपनीने सांगितलं नव्हतं, ह्यांनी कंपनीच्याच टूलमधून निघणाऱ्या फाइल एकमेकींशी ताडून ताडून शोधलं. मग योसिस व्हेरिलॉग वाचून त्याची लॉजिक बनवतं, नेक्स्टपीएनआर ती लॉजिक चिपमध्ये कुठे बसवायची आणि तारा कशा जोडायच्या ते ठरवतं, शेवटी एक छोटा प्रोग्राम फाइल बांधतो आणि दुसरा चिपमध्ये भरतो. हे सगळं एकत्र बांधलेलं ओएसएस कॅड सूट म्हणून मिळतं, फाइल उघडायची आणि चालवायचं, इन्स्टॉल पण नाही. माझं डिझाइन त्यात काही सेकंदांत होतं. पहिल्यांदा मला वाटलं एरर येऊन थांबलं.

एक मजेशीर गोष्ट सांगतो, विषयांतर आहे पण राहवत नाही. आइस४० मध्ये एचएक्स४के आणि एचएक्स८के अशा दोन चिप विकतात, ४के मध्ये ३५२० लॉजिक सेल, ८के मध्ये ७६८०. आणि आतलं सिलिकॉन दोन्हीचं एकच! कंपनीचं टूल ४के निवडल्यावर ३५२० च्या पुढे जाऊ देत नाही, ओपन टूलला ती अट माहीतच नाही, ते सगळे ७६८० वापरून देतं. माझ्या शेजारचे काका ऐकून म्हणाले, म्हणजे हाफ प्लेट मागवली तरी येतेय फुल. कस्टमरच्या मालात मी तसं करणार नाही, जेवढं कंपनीने लिहून दिलंय तेवढंच धरायचं, पण शिकताना काय हरकत आहे.

मी एचएक्स१के घेतली, १२८० सेलची. मशीनचं काम असं: चार लेन, प्रत्येक लेनला एन्कोडर, एका जागी सेन्सर बघतो की लेबल तिरकं लागलंय, आणि तिथून ८६० मिलिमीटर पुढे सिलिंडर ती बाटली बाहेर ढकलतो. म्हणजे खराब बाटली तिथपर्यंत पोचेपर्यंत लक्षात ठेवायची. २ मिलिमीटरला एक पाऊल धरलं तर ४३० पावलं, प्रत्येक पावलाला एक बिट पुढे सरकवायची. जुनी सीपीएलडी हे करूच शकत नव्हती, ७२ सेलमध्ये ४३० बिटा कुठून येणार, तिच्यात एका लेनला एकच बाटली लक्षात राहायची, दोन खराब लागोपाठ आल्या की दुसरी सुटायची (शेठना हे मी चौदा वर्षं सांगितलं नव्हतं, आता नवीन फीचर म्हणून सांगितलं). नव्या चिपमध्ये पण चार लेनच्या १७२० फ्लिपफ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणाऱ्या) होतात, त्याही १२८० मध्ये मावत नाहीत, म्हणून भाच्याने त्या ब्लॉक रॅममध्ये, म्हणजे चिपच्याच आतल्या मेमरीत टाकल्या, तिथे ६४ किलोबिट पडून होते. पोरगं हुशार आहे, डोंगल सोडलं तर.

हे मायक्रोकंट्रोलरने झालं नसतं का? झालं असतं. एसटीएम३२ ने आरामात झालं असतं असं चार जण म्हणतील आणि मी वाद घालणार नाही. पण मला चारही लेन एकमेकींची वाट न बघता चालायला हव्या होत्या आणि जुन्या कार्डाची पद्धत ठेवायची होती. बाकी तुमचं काम जर दोन बटणं आणि एक रिले असेल तर कृपया एफपीजीएच्या नादी लागू नका.

आता ह्या चिपचे दोन दणके, जे कुठल्याही टूलने सांगितले नाहीत. एक, ती ५ व्होल्ट खात नाही, ३.३ च्या पुढे गेलात की मेली. म्हणून इनपुटला ७४एलव्हीसी२४५ नावाचा बफर मधे घातला, तो ३.३ वर चालून ५ व्होल्ट सोसतो. दुसरा दणका जास्त भारी होता. सीपीएलडी पॉवर दिल्याबरोबर जागी होते, ही चिप आधी बाहेरच्या फ्लॅशमधून स्वतःचा प्रोग्राम वाचते, आणि तेवढ्या काही मिलिसेकंदांत तिचे पाय आतल्या बारीक पुल-अपने वर ओढलेले असतात. वर म्हणजे एक. एक म्हणजे सिलिंडर बाहेर. पहिल्यांदा पॅनेल चालू केलं आणि चारही सिलिंडरांनी एकदम ठक्क करून सलाम केला, हेल्पर दोन फूट मागे. तरी बरं बाटल्या नव्हत्या. प्रत्येक आऊटपुटला ४.७ के चा रेझिस्टर ग्राउंडला लावला, गप्प झाले.

आणि एक चूक माझी स्वतःची. सिम्युलेशनला इकारस व्हेरिलॉग आणि लाटा बघायला जीटीकेवेव्ह, दोन्ही फुकट, सगळं हिरवंगार पास. मशीनवर लावलं तर तीन लेन बरोबर, चौथीत दोन-तीन तासांनी एखादं पाऊल चुकायचं. मी एन्कोडर बदलला, केबल बदलली, शील्ड अर्थ केली, मोटरच्या ड्राइव्हला शिव्या घातल्या. शेवटी कोड वाचताना दिसलं, की तीन लेनला एन्कोडरचा सिग्नल दोन फ्लिपफ्लॉपमधून क्लॉकच्या तालात आणलाय आणि चौथीला कॉपी-पेस्ट करताना ती ओळच राहिलीय. बाहेरचा सिग्नल आणि आतलं क्लॉक एकमेकांना न विचारता येतात, नेमके एका क्षणी भिडले की फ्लिपफ्लॉपला शून्य म्हणू की एक कळत नाही, आणि चिपचा एक भाग एक वाचतो, दुसरा शून्य. साध्या सिम्युलेशनमध्ये हे दिसतच नाही, तिथे सगळे सिग्नल शहाण्यासारखे वागतात. लाखो रुपयांच्या टूलमध्ये हे शोधणारे वेगळे प्रोग्राम असतात. आपल्याकडे नाहीत, म्हणून आता मी वहीत यादी केलीय, बाहेरून येणारी प्रत्येक वायर लिहायची आणि तिच्यापुढे दोन टिक करायच्या. वही पन्नास रुपयांची. व्हेरिलेटरने कोड तपासून पण घेतो, तो बऱ्याच बावळट चुका पकडतो, रुंदी जुळत नाही वगैरे, पण ही नाही पकडत.

ओपन टूल सगळीकडे चालतं असं मात्र नाही. डीडीआर मेमरी, गिगाबिट इथरनेट, आत प्रोसेसर असलेली झिंक, असलं काही असेल तर सरळ व्हिवाडो किंवा क्वार्टस घ्या, एसएसडी घ्या, आणि इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर जपून ठेवा. दोन-तीन वेगवेगळी क्लॉक असतील आणि त्यांचे टायमिंगचे नियम नीट लिहायचे असतील तर नेक्स्टपीएनआर तिथे तोकडं पडतं, कंपनीची टूलं खूप पुढे आहेत. आणि अगदी छोटं असेल, म्हणजे जुन्या मशीनमधलं गॅल २२व्ही१० हे २४ पायांचं लॉजिकचं चिपडं बदलायचंय, तर एफपीजीए वगैरे काही नको. मायक्रोचिपचं एटीएफ२२व्ही१० घ्या, त्याचं टूल विनकपल फुकट आहे, दिसायला नव्वद सालातलं आहे पण समीकरण लिहिलं की फाइल देतं.

शिकणाऱ्या पोरांना तर मी सांगतो की आधी काही विकतच घेऊ नका. ईडीए प्लेग्राउंड ब्राउझरमध्ये चालतं, एचडीएलबिट्सवर व्हेरिलॉगची गणितं आहेत, ती सोडवा, महिनाभर. आपल्या पवईच्या आयआयटीतलं फॉसी प्रकल्पाचं ईसिम पण आहे, सर्किटचं सिम्युलेशन करायला, तेही फुकट. मग हात शिवशिवायला लागले की टँग नॅनो ९के हे एफपीजीएचं बोर्ड घ्या, ८६४० लटवालं (लट म्हणजे लॉजिकचा छोटा खण), त्याला वेगळी केबल पण लागत नाही, यूएसबी लावली की झालं. त्याच्या कंपनीच्या टूलची एज्युकेशन आवृत्ती लायसन्स मागत नाही आणि ओपन टूल पण त्यावर चालतं. भाच्याने त्याच्यावर सोसायटीच्या गणपतीच्या लाइटिंगचा कंट्रोलर केला होता, दहा दिवस चालला, मधे एकदाच पावसाचं पाणी गेलं तेव्हा बंद पडला, त्यात चिपचा दोष नाही.

तर कार्ड तयार झालं, शेठकडे लागलं, पैसे पण आले. आणि मी एक शहाणपणा केला, पॅनेलच्या दारात आतून जो ड्रॉइंग ठेवायचा खिसा असतो ना, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक पेन ड्राइव्ह ठेवला, त्यावर व्हेरिलॉग, पिनांची फाइल, टूलची आख्खी फाइल आणि काय टाइप करायचं ते मराठीत. मी नसलो तरी कोणीही करू शकेल असं.

दिवाळीनंतर सर्व्हिसला गेलो. खिशात ड्रॉइंग होतं, पिशवी पण होती, पेन ड्राइव्ह नव्हता. ऑपरेटरला विचारलं तर तो टेम्पोकडे पळत गेला आणि स्टिरिओमधून काढून घेऊन आला, म्हणाला साहेब, जागा खूप होती म्हणून गाणी टाकली, पण तुमचं काही पुसलं नाही हां. बघितलं तर खरंच, सगळ्या फाइल जागेवर, त्यांच्याशेजारी दोनशे कोळीगीतं. मी त्याला टेम्पोसाठी दुसरा घेऊन दिला. आणि आता एक कॉपी गाळ्यात, एक नौपाड्याला बहिणीच्या कपाटात.